मोहोळ, विंचू आणि अ‍ॅड्रेनालिन

उन्हाळा तापू लागला की सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील दवाखान्यांत दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. एकाला आग्या मोहोळाच्या माश्यांनी गाठलेले असते, तर दुसऱ्याला गोठ्यात, वैरणीच्या गंजीपाशी किंवा अंथरुणातच विंचू चावलेला असतो. जीपमधून उतरवून घेताना दोघांची अवस्था बरीचशी सारखी दिसते: अंग घामाने निथळलेले, श्वास लागलेला, जीव घाबरा झालेला. परंतु पहिल्याला माशीच्या विषाची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल, तर त्याच्या मांडीत, एरवी आपले शरीरच तयार करते त्या अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन ताबडतोब जावे लागते. आणि दुसऱ्याला लाल विंचवाचे विष भिनले असेल, तर त्याच्या रक्तात तेच अ‍ॅड्रेनालिन आधीच इतके उसळलेले असते की त्याचा परिणाम रोखणारी गोळी द्यावी लागते. एकच रेणू एका खाटेवर जीव वाचवतो आणि शेजारच्या खाटेवर जिवावर उठतो. साताऱ्यात औषधांचे दुकान चालवताना मला सतत असे दिसत आले आहे की अ‍ॅड्रेनालिनविषयी आपल्याकडे, आणि केवळ सामान्य माणसांतच नव्हे, जितका धाक आहे तितकी ओळख नाही.

हा रेणू तयार होतो तो प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथीत, आणि तेथेही केवळ तिच्या गाभ्यात. डाळ, दूध, मांस यांतील प्रथिनांतून मिळणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपा, डोपापासून डोपामिन, डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि शेवटी अ‍ॅड्रेनालिन असा हा प्रवास आहे. शेवटच्या पायरीसाठी लागणारे विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाच्या प्रभावाखालीच पुरेसे तयार होते, आणि ते कॉर्टिसॉल त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून थेट गाभ्याकडे वाहत येते. ग्रंथीची ही रचना मला नेहमीच विलक्षण वाटते. तयार झालेला माल पेशींतील सूक्ष्म कणांत साठवून ठेवलेला असतो आणि मेंदूकडून चेतातंतूंमार्फत निरोप येताच तो रक्तात सोडला जातो. रक्तात आल्यावर त्याचे आयुष्य फार थोडे असते: अवघ्या दोन-तीन मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, कारण दोन विकरे आणि चेतातंतूंची टोके त्याला टिपून घेत असतात. शिरेतून अ‍ॅड्रेनालिन द्यायचे झाले तर ते पंपाने सतत द्यावे लागते, त्याचे कारण हेच. या ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो हे लंडनमध्ये जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी 1894 च्या सुमारास दाखवले, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने व त्यांचे सहकारी केइझो उएनाका यांनी तो रेणू शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला. शुद्ध स्वरूपात हाती आलेले हे पहिले संप्रेरक होय.

या एकाच रेणूचे परिणाम इतके परस्परविरोधी कसे, हा प्रश्न मात्र त्यानंतरही बराच काळ सुटला नव्हता. त्वचेतील आणि पोटातील रक्तवाहिन्या त्याने आवळल्या जातात, तर स्नायूंमधील रक्तवाहिन्या सैलावतात. हृदय जोरात चालू लागते, तर श्वासनलिका आणि आतडी शिथिल होतात. अमेरिकेतील रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये याचे उत्तर सुचवले. उत्तेजक आणि शामक असे दोन पदार्थ वेगवेगळे नसून, पदार्थ एकच आहे आणि तो स्वीकारणारे ग्राही मात्र दोन जातींचे आहेत, असे त्यांनी मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. कृष्णाकाठच्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये: पाटाचे पाणी एकच असते, ज्या वाफ्याचे दारे मोडावे त्या वाफ्यात ते जाते. आल्क्विस्ट यांचे म्हणणे सुरुवातीला फारसे कोणी मनावर घेतले नाही, परंतु आज माझ्या दुकानातील रक्तदाबाच्या, दम्याच्या, प्रोस्टेटच्या आणि काचबिंदूच्या कप्प्यांत जे काही रचून ठेवलेले आहे, त्याचा मोठा भाग त्यांच्या या एका कल्पनेवर उभा आहे. पुढे या दोन जातींचे पोटभेद सापडत गेले. अल्फा-एक रक्तवाहिन्या आणि मूत्राशयाचे तोंड आवळतो, बीटा-एक हृदय चालवतो, बीटा-दोन श्वासनलिका मोकळ्या करतो, आणि अल्फा-दोन चेतातंतूच्या टोकाशी राहून अधिक स्राव होऊ नये म्हणून लगाम खेचतो.

कासच्या रस्त्याने संध्याकाळी खाली येताना वळणावर अचानक गवा समोर उभा ठाकला, तर हे सगळे ग्राही एका दमात कामाला लागतात. छातीत धडधडते ते बीटा-एकमुळे, बोटे थंड पडून चेहरा पांढराफटक होतो तो अल्फा-एकमुळे, श्वास खोल जाऊ लागतो तो बीटा-दोनमुळे. यकृतातील साठवलेली साखर रक्तात उतरते आणि बाहुल्या विस्फारतात. हात थरथरतात तेही बीटा-दोनचेच काम आहे. घाम मात्र या हिशेबात बसत नाही. घर्मग्रंथींकडे जाणारे चेतातंतू संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या याच चेतायंत्रणेचे, म्हणजे अनुकंपी यंत्रणेचे, असले तरी त्यांच्या टोकाला अ‍ॅड्रेनालिनच्या जातीचा पदार्थ नसून अ‍ॅसिटिलकोलिन असते. ही तपशिलातील गोष्ट वाटेल, पण मधुमेहाच्या रुग्णाच्या बाबतीत तिच्यावरच पुढे बरेच काही अवलंबून असते.

आता मोहोळाकडे वळू. साताऱ्याचा पश्चिम भाग मधासाठी प्रसिद्ध आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे पेट्यांत पाळली जाणारी सातेरी माशी स्वभावाने पुष्कळ सौम्य आहे. गडांच्या कड्यांवर, उंच झाडांवर आणि पुलांखाली लटकणारे आग्या मोहोळ मात्र एकदा उठले की माणसाला पळता भुई थोडी करते. शेकडो माश्या चावल्या तर विषाच्या मात्रेनेच मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. परंतु ज्याच्या शरीराने पूर्वीच्या एखाद्या दंशानंतर या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ठेवली आहेत, त्याला एकच माशी पुरते. अशा माणसाच्या पेशींतून हिस्टामिन आणि इतर रसायने एकाच वेळी बाहेर पडतात, रक्तवाहिन्या सैल पडून गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, घशात आणि श्वासनलिकांत सूज येते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आवाज बसतो, पोटात कळ येते. यातील प्रत्येक बिघाडावर अ‍ॅड्रेनालिनचा नेमका तोडगा आहे: अल्फा-एकमार्फत ते वाहिन्या आवळते आणि सूज उतरवते, बीटा-एकमार्फत हृदयाला उभारी देते, बीटा-दोनमार्फत श्वासनलिका उघडते आणि त्याच वाटेने पेशींतून आणखी रसायने सुटणेही थोपवते. एवढी सगळी कामे एकट्याने करणारे दुसरे औषध नाही.

असे असूनही लहान दवाखान्यांत सर्वांत आधी हात जातो तो अ‍ॅलर्जीच्या आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनाकडे, आणि अ‍ॅड्रेनालिन अगदी शेवटी, रुग्ण निपचित पडल्यावर बाहेर निघते, हे मी अनेक डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकले आहे. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात आणि अ‍ॅलर्जीच्या औषधाने खाज व गांधी कमी होत असल्या तरी कोसळणारा रक्तदाब त्याने सावरत नाही. अ‍ॅड्रेनालिन मागे ठेवण्यामागची भीती शिरेतून भरभर दिलेल्या मोठ्या मात्रेविषयी असेल तर ती रास्त आहे, कारण त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. परंतु मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेल्या मात्रेला तो धोका फारच अल्प आहे. प्रौढ माणसाला एका मिलिलिटरच्या अ‍ॅम्प्यूलमधील निम्मे, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, आणि लहान मुलाला वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग एवढीच ती मात्रा असते, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी ती पुन्हा देता येते. मांडीच सांगितली जाते, कारण तेथील स्नायूला रक्तपुरवठा भरपूर आहे. कातडीखाली दिले, तर औषध आपल्याच गुणाने तेथील वाहिन्या आवळून स्वतःची वाट अडवते. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करावेत आणि त्याला एकदम उठवून बसवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

अ‍ॅड्रेनालिनची अ‍ॅम्प्यूल तपकिरी काचेची असते, कारण उजेडाने आणि हवेने ते खराब होते. आतील द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. तो गुलाबी किंवा तपकिरी झाला असेल, तर अ‍ॅड्रेनालिनचे ऑक्सिडीकरण झालेले असते आणि ती अ‍ॅम्प्यूल टाकून द्यावी लागते. काच तपकिरी असल्याने हा रंग सहज दिसत नाही, म्हणून सिरिंजमध्ये ओढल्यावर ती उजेडासमोर धरण्याची सवय चांगली. किंमत म्हणाल तर या औषधाने कोणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. परंतु कमी किमतीचे आणि क्वचित लागणारे औषध असल्याने ते खणात मागे सरकते आणि मुदत उलटून जाते. परदेशात रुग्ण स्वतःच मांडीत टोचून घेऊ शकेल असे तयार पेन मिळते, तसे आपल्या गावच्या दुकानात सहसा मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे सगळी भिस्त सर्वांत जवळच्या दवाखान्यातील त्या अ‍ॅम्प्यूलवर आहे.

विंचवाची गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि तिचा उलगडा आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी झाला आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यापुढे विंचूदंशाचे रुग्ण, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि या मृत्यूंचे कारण हृदय व फुप्फुसे यांच्यावर येणारा ताण हे आहे, असे दाखवले. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने चेतातंतूंच्या सोडियम मार्गिका, म्हणजे संदेश वाहताना क्षणभर उघडणारी त्यांची दारे, बंदच होऊ देत नाहीत; त्यामुळे तंतू पुनःपुन्हा चेतवले जातात, त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन अखंड सुटत राहते. अल्फा ग्राहींमुळे सर्व शरीरातील वाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हातपाय बर्फासारखे पडतात, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग फुप्फुसांत पाणी साचते आणि तोंडाला फेस येतो. मुलांमध्ये लिंग ताठरणे ही खूण असते. ती सांगायला घरच्यांना संकोच वाटतो, पण विष भिनल्याची ती अगदी आरंभीची आणि भरवशाची खूण आहे.

बावस्करांनी यावर प्राझोसिन हे अल्फा-एक ग्राही अडवणारे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरले आणि 1986 मध्ये त्यांचा अनुभव लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी विष भिनलेल्या रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस जण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. गोळी साधारण तीन-तीन तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत देतात. पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून रुग्णाला, विशेषतः कडेवर घेतलेल्या मुलाला, आडवेच ठेवावे लागते. नंतर 2011 मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी असे दाखवले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो. डॉ. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. महागड्या यंत्राशिवाय, एका तालुक्याच्या गावात, रक्तदाबमापक आणि वही एवढ्याच साधनांनी केलेले हे काम आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जितके मिरवायला हवे तितके मिरवले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात मोठ्या काळ्या इंगळीची दहशत फार आहे. वस्तुतः तिचा दंश दुखतो, पण सहसा जीव घेत नाही; आकाराने लहान आणि तांबूस असलेला विंचूच खरा घातकी असतो. दुसरी उलटी वाटणारी गोष्ट अशी की जो रुग्ण वेदनेने ओरडतो आहे, पण ज्याला घाम नाही, ज्याचे हातपाय गरम आहेत, त्याची अवस्था बहुधा बरी असते. ज्याला दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, मात्र दरदरून घाम फुटला आहे, उलट्या होत आहेत आणि हातपाय थंड पडले आहेत, त्याला क्षणाचाही विलंब न करता दवाखान्यात न्यायला हवे. विंचू उतरवून घेण्याच्या प्रथेला आजवर जे यश मिळत आले, ते पहिल्या प्रकारच्या रुग्णांमुळे होय. ते मंत्राशिवायही बरे झालेच असते. ज्याला केवळ वेदना आहेत त्याला प्राझोसिनची गरजही नसते.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. विंचूदंशात छाती धडधडते म्हणून केवळ बीटा ग्राही अडवणारे औषध दिले, तर हृदयाचा जोर कमी होतो, पण आवळलेल्या वाहिन्या तशाच राहतात आणि स्नायूंतील वाहिन्या सैल करणारी बीटा-दोनची मदतही जाते; रुग्ण आणखी खालावतो. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात क्वचित होणाऱ्या, अ‍ॅड्रेनालिन ओतत राहणाऱ्या गाठीच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. डोकेदुखी, घाम आणि धडधड यांचे झटके आणणाऱ्या त्या आजारात शस्त्रक्रियेआधी प्रथम अल्फा अडवतात आणि मगच बीटा.

बीटा अडवणारी औषधे जन्माला घातली ती स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी, आल्क्विस्ट यांच्या कल्पनेचा धागा पकडून. हृदयशूळाच्या रुग्णाला जास्त रक्त पुरवण्याऐवजी हृदयाची रक्ताची मागणीच कमी करावी, हा त्यांचा विचार होता आणि त्यातून 1960 च्या दशकात प्रोप्रानोलॉल आले. त्यांना 1988 मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. आज अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही नावे घरोघरी पोहोचली आहेत. या गोळ्या घेणाऱ्यांनी कधीही परस्पर बंद करू नयेत, ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दीर्घकाळ अडवून ठेवलेले ग्राही संख्येने वाढलेले असतात आणि औषध अचानक थांबताच नेहमीचे अ‍ॅड्रेनालिनही त्यांना जास्त होते. हृदयविकाराच्या रुग्णाला त्यातून झटका येऊ शकतो. उसाच्या तोडीला किंवा वारीला जाताना गोळ्यांचे पाकीट घरी विसरणे म्हणूनच साधी बाब नव्हे. दम्याच्या रुग्णाला या गोळ्यांनी, आणि प्रोप्रानोलॉलने तर विशेषच, धाप लागू शकते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाकाच्या वाटेने रक्तात उतरून हाच प्रताप करतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मधुमेही माणसाची साखर उतरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते आणि तो सावध होतो. बीटा अडवलेला असेल तर या दोन्ही खुणा झाकल्या जातात आणि उरतो तो केवळ घाम, कारण घाम त्या ग्राहींचा नाहीच. अशा रुग्णाला अवेळी घाम फुटला तर साखर तपासावी.

हात स्थिर करण्याच्या याच गुणामुळे धनुर्विद्येत आणि नेमबाजीत ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार निषिद्ध आहेत, तीही स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. साताऱ्याला हे सांगण्याचे कारण आहे: 2023 मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद जिंकणारी अदिती स्वामी आपल्याच जिल्ह्याची, आणि तिच्यानंतर इथल्या सरावाच्या मैदानांवर मुलांची रीघ लागली आहे. घरातील आजोबांची गोळी परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या सकाळी मुलाला देणारे पालक मी पाहिले आहेत. परीक्षेच्या बाबतीत तो अविचार आहे. धनुर्धराच्या बाबतीत त्याच्या कारकिर्दीचाच प्रश्न आहे.

बाकीच्या औषधांविषयी थोडक्यात. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल मुख्यतः बीटा-दोनवर चालते, म्हणूनच चार-सहा फवारे लागोपाठ मारल्यावर हात कापतात. प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची टॅम्सुलोसिन ही गोळी अल्फा-एक अडवते. लघवी मोकळी होते, पण पहाटे उठताना चक्कर येऊ शकते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बुबुळ सैल पडून डॉक्टरांची पंचाईत होते, तेव्हा ती चालू असल्याचे नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगावे. सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असणारे फिनाइलएफ्रिन तोंडावाटे घेतल्यास चोंदलेल्या नाकाला उपयोगी पडत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये काढला. त्याच वर्षी आपल्याकडे क्लोरफेनिरामिन या सर्दी-खाजेच्या औषधासह असलेले त्याचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे आदेश निघाले. तरीही «ती नेहमीची गोळी द्या» ही मागणी थांबलेली नाही. दात काढताना भूल दिल्यावर छातीत धडधडले म्हणून आपल्याला त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, असे समजणारे लोकही पुष्कळ भेटतात. भुलीच्या औषधात रक्त कमी जावे आणि भूल टिकावी म्हणून किंचित अ‍ॅड्रेनालिन मिसळलेले असते, आणि ती धडधड बहुतेक वेळा त्याची असते.

आता ज्या औषधाविषयी लिहिणे मला सर्वांत आवश्यक वाटते, त्याकडे येतो. मेफेंटरमिन हे इंजेक्शन भूलतज्ज्ञांच्या कामाचे आहे: प्रसूतीच्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर रक्तदाब घसरतो, तो सावरण्यासाठी ते देतात. ते स्वतः ग्राहींवर फारसे काम करत नाही. चेतातंतूंच्या टोकांतील साठवलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन ते बाहेर काढते. याच इंजेक्शनाची चटक सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यातील काही व्यायामशाळांना आणि तालमींना लागली आहे, आणि त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. दुकान बंद करण्याच्या वेळेला पिळदार अंगाचा एखादा मुलगा गाडी चालू ठेवूनच येतो आणि हळू आवाजात विचारतो, «दादा, ते बीपी वाढवायचं इंजेक्शन हाय का? छोटी बाटली?» चिठ्ठी मागितली की «भावाचं ऑपरेशन हाय» असे उत्तर येते, कोणत्या दवाखान्यात, असे विचारले की गाडी निघून जाते. या मुलांना थकवा जाणवत नाही, कारण थकव्याची सूचना दाबली जाते, स्नायूंची ताकद वाढत नाही. साठा उपसून संपला की तेवढ्याच मात्रेचा परिणाम कमी होतो, म्हणून मात्रा वाढत जाते. झोप उडते, संशयीपणा आणि भास सुरू होतात, रक्तदाब इतका चढू शकतो की मेंदूत रक्तस्राव व्हावा. एकाच बाटलीत अनेकांच्या सुया जात असतील, तर काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका आणखी वेगळा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला पदक आणले त्या जिल्ह्यात कुस्तीच्या नावाने हे चालावे, याची मला चीड येते. चिठ्ठीशिवाय ही बाटली देणारा दुकानदार आमच्याच धंद्यातला असतो, हेही लिहिले पाहिजे.

मोहोळ आणि गोळी यांची गाठ पडते तो प्रसंग सर्वांत अवघड. रक्तदाबासाठी बीटा अडवणारी गोळी रोज घेणाऱ्या माणसाला माशीच्या विषाची तीव्र अ‍ॅलर्जी आली, तर मांडीत दिलेल्या अ‍ॅड्रेनालिनला हृदयाचे आणि श्वासनलिकांचे ग्राही प्रतिसाद देत नाहीत. अशा वेळीही पहिले औषध अ‍ॅड्रेनालिनच असते, परंतु ते लागू पडत नसेल तर शिरेतून ग्लुकागॉन द्यावे लागते. ते बीटा ग्राहींना वळसा घालून, वेगळ्या ग्राहीमार्फत हृदयाच्या पेशीत तोच परिणाम घडवते. लहान दवाखान्यात ग्लुकागॉन सहसा नसते, म्हणून असा रुग्ण पहिली मात्रा देतानाच मोठ्या रुग्णालयाकडे हलवण्याची तयारी सुरू करावी लागते, आणि तो कोणत्या गोळ्या घेतो हे सोबतच्या माणसाला सांगता यायला हवे. मध काढणाऱ्या, जंगलात राबणाऱ्या किंवा पूर्वी माशी चावून अंगभर गांधी उठलेल्या माणसाला रक्तदाबाचे औषध लिहिताना डॉक्टरांना ही माहिती असायला हवी. त्यांनी विचारले नाही तर रुग्णाने आपणहून सांगावी, कारण नुसत्या रक्तदाबासाठी बीटा गटाबाहेरच्या चांगल्या गोळ्या भरपूर आहेत आणि त्या साताऱ्यातल्या कोणत्याही दुकानात मिळतात.